पाठ करून बसावे

वार्षिक परीक्षा संपली त्या दिवसापासून
कृत्तिका दिवाणावरून उलटी लोंबकळते,
वेणी फरशीला, पाय खिडकीच्या गजांत.
उलटं पाहिलं की तू हसताना रागावल्यासारखी दिसतेस, म्हणते.
म्हणून निघालो क्लास शोधायला,
मी ॲक्टिव्हावर पुढे,
ती मागे, माझ्या पाठीवर दोन बोटांनी कोलांट्या मारत.

पहिला अलकापुरीत, तिसऱ्या मजल्यावर.
दारातच गार हवेचा झोत, भिंतभर आरसा,
फोमचे निळे-पिवळे ठोकळे, इतके मऊ
की आत बुडालेली पोरं उपसायला एक माणूस ठेवलेला.
पडल्यावर काय करता, मी विचारलं.
"अमारे त्यां कोई पडतुं ज नथी, बेन,"
काउंटरवरचा मुलगा हसला.
वर्षाची फी एकदम भरली तर टी-शर्ट फुकट.

मांजलपूरचा स्वस्त होता.
शाळेचा हॉल, चाळीस मुलं, एक शिट्टी.
दुधीला नख लावून पाहावं तशी
मी गादी कोपराने दाबून पाहिली.
खाली फरशी लागली.
एका मुलीच्या कमरेवर सरांचा गुडघा होता
आणि सरांची नजर फोनवर.
तिच्या डोळ्यांत पाणी. शेजारी तिची आई,
अजून थोडं, अजून थोडं, म्हणत.
त्या आईचा चेहरा ओळखीचा वाटला.
त्या रात्री मी आरशासमोर फार वेळ थांबले नाही.

घरी प्रत्येकाला मत होतं.
सासरे म्हणाले, मल्लखांबाला घाला, आमच्या वेळी फी म्हणजे नारळ.
नवऱ्याने वहीत रकाने आखले: अंतर, फी, पार्किंग.
गादीचा रकाना मी वाढवला.

दांडिया बाजारच्या मागे, लाकडाच्या वखारीला लागून
पत्र्याची शेड. लाकडाच्या भुशाचा वास.
दमयंती शिर्के, सगळे दमूबेन म्हणतात,
पांढरे केस बारीक कापलेले, मनगटाला जुनी पट्टी.
माझ्याशी बोलल्याच नाहीत आधी.
उकिडव्या बसून कृत्तिकेला विचारलं,
कशाला घाबरतेस?
पालीला.
आणि उंचीला?
अजून माहीत नाही.
चालेल, म्हणाल्या.

दारावर खडूने लिहिलेलं:
पालकांनी पाठ करून बसावे.
मी भांडले. पैसे आम्ही भरायचे आणि बघायचंही नाही?
"हवेत गेली की पोरगी आईला शोधते.
मान वळते. मान वळली की सगळंच वळतं.
दार उघडंच असतं, केव्हाही आत या.
पण चपला काढून, माझ्या शेजारी, हात पुढे धरून.
नुसतं बघायला नाही."

मी विचार करायला वेळ मागणार होते.
पण गाद्यांच्या ढिगावर एक बोका झोपला होता,
कोणाच्या उडीने कानही न हलवणारा.
"इथेच," कृत्तिका म्हणाली,
आणि रकान्यांची वही पर्समध्येच राहिली.

आता मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी
मी बाकावर, तोंड रस्त्याकडे.
समोर शेव-उसळीची गाडी, मागे धावणारी पावलं.
पायांवर उतरली तर एकच, कोरडा धप्प.
बसकण मारली तर दोन.
पाठीवर आली तर लांबट, ओली गोधडी टाकल्यासारखा,
आणि मग कोणीतरी हसतं, बहुतेक तीच.
आठ आठवड्यांत हे सगळं पाठ झालं.

एवढंच होत नाही:
फळी खट्ट वाजते
आणि खाली काही येण्याआधी
जेवढा वेळ काहीच वाजत नाही,
तेवढा वेळ.

गाडीवाला नेमका तेव्हाच विचारतो, तरी तीखी चालेल ना?
मी मान हलवते.
वळवत नाही.